तेराचा पाना

माझ्याकडे जीप एकच आहे, पानापेट्या मात्र दोन. एक मिलिमीटरची, दुसरी इंचाची. बायको विचारते, एका गाडीला एवढा संसार कशाला? त्याचं उत्तर गाडीच्या वंशावळीत आहे.

गाडी म्हणजे महिंद्राची एमएम 540, 1991 सालची. नंबर एमएच 20 ने सुरू होणारा, आरसी बुकावर अजून ‘औरंगाबाद’. हिचा बांधा अमेरिकन. महिंद्रांनी विलीज जीपच्या पहिल्या 75 गाड्या 1947 मध्ये सुट्या भागांत मागवून जोडल्या, त्या घराण्याचे अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केस हिच्या पोटाखाली आहेत. तिथले नटबोल्ट इंचाचे. बॉनेटखालचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन मात्र फ्रेंच प्युजोच्या आराखड्याचं, त्याचे बोल्ट मिलिमीटरचे. म्हणजे बॉनेट उघडून काम करायचं तर एक पेटी, आणि चटई टाकून खाली सरपटायचं तर दुसरी.

आता गंमत अशी की अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. अर्ध्या इंची नटावर तेराचा पाना छान बसतो. किंचित हलतो, पण बसतो. हलक्या हाताने काम होऊनही जातं. नट गंजून घट्ट झाला असेल आणि पान्याला पाइप लावून जोर दिला, की पाना सटकतो आणि नटाचे कोपरे सोलून निघतात. 0.3 मिलिमीटरचा फरक. गाडी घेतली तेव्हा खालचे कितीतरी नट असे गोल झालेले होते. पहिल्या वर्षी मी आधीच्या मालकाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की त्याला उचक्या लागून झोप आली नसेल.

अजिबात न बसणाऱ्या वस्तूपेक्षा जवळपास बसणारी वस्तू जास्त नुकसान करते, हे मला या गाडीने शिकवलं. जी बसतच नाही तिचा वापर तरी कोण करतो?

म्हैसमाळच्या चढावरची गोष्ट सांगतो. खुलताबाद सोडून वर निघालो, आणि अर्ध्या घाटात गाडीचा दम गेला. दोनदा आचके देऊन बंद. टाकीत डिझेल होतं. खाली वाकून पाहिलं, कुठे थेंबभरही गळती नाही. गळत नाही म्हणजे पाइप ठीक, असं मी ठरवून टाकलं आणि बॅटरी बसेपर्यंत स्टार्टर मारत राहिलो. शेवटी शहरातल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिक चाचांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “कायकू सेल मारते बैठे? हवा पकडी होंगी. निकालो.”

टाकी सीटखाली, पंप पुढे इंजिनवर. पंप डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली कोरडं दिसतं म्हणून आपण निर्धास्त, आणि आत बुडबुडे. फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, फीड पंपाचा हातखटका मारत बसलो. आधी फेस, मग फसफस, मग थांबून थांबून बुडबुडे, मग एकसंध धार. त्या धारेचा आनंद इथे लिहून कळायचा नाही. गाडी उतारावर सोडून, गिअर टाकून चालू केली. घरी आल्यावर गुन्हेगार सापडला: टाकीजवळची रबरी नळी, क्लिपखाली तडकलेली. ती किती स्वस्त होती हे सांगायला लाज वाटते.

नंतर एकदा पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेलं. उत्तरेकडच्या डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी आणायचं, ते उंच भिंतीवर चढवायचं आणि हौदात धबधब्यासारखं सोडायचं. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजेच पुढचं औरंगाबाद, वसवली तेव्हापासून या गावाने नहरींवर दिवस काढले. पाहुणे माशांना लाह्या टाकत होते आणि मी त्या भिंतीकडे बघत उभा. बंद नळात हवा अडकली की पाणीही अडतं. हे ज्यांना कळलं होतं, त्यांनी तिला बाहेर पडायची वाट ठेवली असणार. माझ्यासारखे ते सेल मारत बसले नसतील. (आज नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा विषय इथे नको. जीपच्या रेडिएटरला मात्र मी बोअरचं पाणी कधीच घालत नाही. किटलीत जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो, आणि मेमध्ये चौकाच्या सिग्नलला काटा चढायला लागतो.)

सुधारणांचा नाद मलाही लागला होता. मित्र म्हणाले, मोठे टायर टाक. मोठ्या टायरने स्टिअरिंग जड होतं, मग पॉवर स्टिअरिंग हवं. चाकाचं वजन वाढलं की जुने ड्रम ब्रेक कमी पडतात, मग डिस्क. एक भाग मजबूत केला की ताण शेजारच्या भागावर सरकतो. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्याला 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही चाप लावला आहे. मी एकच बदल केला: हेडलाइटला रिले. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून वळसा घालून जातो आणि दिव्यापर्यंत पोचेस्तोवर मरगळतो. रिले लावला की बटण फक्त इशारा देतं, करंट बॅटरीतून थेट जातो. दोन रविवार गेले. त्या रात्री दौलताबादच्या रस्त्यावर मैलाचा दगड लांबूनच वाचता आला. एवढ्यासाठी उगाच जाऊन आलो.

परवा मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवायचा होता, क्रॉस वाजत होता. क्रॉस धरणाऱ्या यू बोल्टचे नट अर्ध्या इंची. इंचाची पेटी काढली, रिंग पाना लावला, तो गरकन फिरला. चारपैकी दोन नट गोल. सवयीने आधीच्या मालकाचा उद्धार सुरू केला आणि मध्येच थांबलो. हे यू बोल्ट नवे होते. गाडी घेतली त्या वर्षी मीच आणून, याच चटईवर आडवा पडून, मीच बसवले होते. गाडीच्या फाइलीत बिल सापडलं. इंचाच्या पानापेटीचं बिलही त्याच फाइलीत होतं. तारीख दोन महिन्यांनंतरची.