विमान अर्ध्या तासाचं, वाट अर्ध्या दिवसाची

काष्टी म्हटलं की शनिवारचा जनावरांचा बाजार आठवतो. बैलजोड्या, म्हशी, शेळ्या, आणि दौंड रस्त्यावर टेम्पोंची रांग. अशा गावात विमानाचं बोलणं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, आता श्रीगोंदे तालुक्यातल्या किती घरांतली मुलं हैदराबाद-बंगळूरला आहेत, बघा बरं! ती येतात विमानानं. मग प्रश्न पडतो, उतरायचं कुठं? पुण्याला की शिर्डीला?

शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला. आपल्याच जिल्ह्यात म्हणून जवळचा, असा आपला समज. आमच्या शेजारच्या वहिनींच्या भावानं याच समजुतीनं हैदराबादहून शिर्डीचं तिकीट काढलं. वडिलांचं ऑपरेशन दौंडला दुपारी होतं. विमान अगदी वेळेवर उतरलं, पण पुढं राहाता, राहुरी, नगर करत गाडी पोचेतो वडिलांना आत नेलेलं होतं. दोन शब्द बोलायचे राहिले. वडील बरे झाले, पण वहिनी ती दुपार अजून विसरलेल्या नाहीत.

आता हिशेब बघा. लोहगाव ते काकडी सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर. पंख्याचं लहान विमान ताशी ५०० किलोमीटरनं जातं, म्हणजे पंधरा-सोळा मिनिटांचं काम! पण विमान काही घारीसारखं जागेवरून उडत नाही. धावपट्टीपर्यंत जायचं, वर चढायचं, वळण घ्यायचं, लगेच उतरू लागायचं. एवढ्याशा अंतरात पूर्ण वेग धरायलाच सवड मिळत नाही. मुंबई-शिर्डी हे अंतर हवेतून जेमतेम १७० किलोमीटर, तरी २०१७ साली सुरू झालेली ती फेरी पाऊणएक तासाची होती. शिवाय तासभर आधी हजर राहणं, सामानाची तपासणी, हे वेगळंच. जवळच्या दोन विमानतळांमध्ये गाडीच बरी पडते, ती यामुळंच.

काष्टीहून लोहगाव सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास, काकडी सव्वाशेच्या पुढं. रस्त्यानं हाच फरक आणखी वाढतो. पुण्याकडे भीमेचा पूल ओलांडून दौंड, पाटस, मग सोलापूर महामार्ग. हडपसरची गर्दी तेवढी सोसायची. शिर्डीकडे दीडशेहून अधिक किलोमीटर, आणि रामनवमी-गुरुपौर्णिमेला भाविकांच्या गाड्या. जिल्हा आपला असला तरी तो केवढा लांबरुंद आहे, हे अशा वेळी कळतं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, अंतर मात्र तेवढंच राहिलं!

मात्र तुमचं माहेर राहात्याला किंवा कोपरगावला असेल तर शिर्डीच सोयीचं. तेव्हा मुलाला तिकीट काढायला सांगताना नुसता विमानाचा वेळ विचारू नका. घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत किती, ते कागदावर मांडायला लावा. लोहगावहून रात्री उशिरा यायचं असेल तर गाडी आधीच ठरवा, चालकाचा नंबर घरात दोघांकडे असू द्या, आणि बरोबर दशम्या-चटणी द्यायला विसरू नका. आणि हो, शनिवारी विमान गाठायचं असेल तर बाजाराचे टेम्पो रस्त्यावर यायच्या आत काष्टी सोडा.