नळ न सोडता

“मुंबईत आपलं माणूस असताना लॉजवर उतरायचं?” हे वडिलांचं वाक्य माझ्या अंगात मुरलेलं होतं. त्यांचे चुलते परळच्या गिरणीत होते, लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेकायचा, आणि तरी गावाहून आलेल्या माणसाला तिथे जागा असायचीच. हे ऐकत वाढल्यावर पैसे मोजून खोली घेणं मला नात्याचा अपमान वाटायचा. दिराचं घर ठाण्यात असताना हॉटेलात उतरलेल्या मैत्रिणीला मी तसं तोंडावर बोललेही होते. ते बोलणं आज मागे घेते.

आईची केमो परळला, टाटा रुग्णालयात सुरू झाली. दर 3 आठवड्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीहून निघायचं आणि डोंबिवलीला आतेभावाकडे उतरायचं. वहिनीने आतली खोली आम्हाला दिली. बारावीतला भाचा पुस्तकं घेऊन हॉलमध्ये गेला. वहिनीने कशातही कमी केलं नाही. पण केमोनंतर आईला फोडणीचा वास सहन होत नव्हता, आणि दुसऱ्याच्या घरात फोडणी घालू नका असं कसं सांगणार? औषधाचा अंश 2 दिवस लघवीतून जातो, म्हणून संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायला सांगितलं होतं. 5 माणसांत एकच संडास. रात्री आई आधी बाथरूमचा नळ सोडायची आणि मग ओकायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दाराबाहेर उभी राहून मी तो नळ ऐकत असे.

तिसऱ्या खेपेला मी दादरच्या हिंदू कॉलनीत खोली घेतली. बुटीक स्टुडिओ म्हणतात तशी. धर्मशाळेचाही विचार आला होता. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या कितीतरी रुग्णांना आसरा देते. पण मला भाडं झेपत होतं, तिथली एक जागा मी अडवायला नको होती. वहिनीला मात्र खोटं सांगितलं, की डॉक्टरांनीच जवळ राहायला सांगितलंय.

खोली बीडीडी चाळीतल्या खोलीएवढी, 160 चौरस फूट असेल. पलंगाखाली खण, भिंतीला घडीचं टेबल, इंडक्शनची शेगडी, छोटा फ्रिज, आणि पलंगापासून 4 पावलांवर बाथरूम, आत धरायला दांडी. एवढ्याच जागेत आठ-दहा माणसांनी संसार केले, आणि आपण दोघीच पसरलोय, याची पहिल्या संध्याकाळी मला लाज वाटली. मी मऊ भात आणि मुगाचं वरण केलं, बिनफोडणीचं. आईने डोक्याचा रुमाल काढून खुंटीला लावला. डोंबिवलीत ती झोपेतही तो काढत नव्हती.

रात्री तिला उलटी झाली. तिने नळ सोडला नाही.

सकाळी मी वहिनीला फोन करून खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. “आमचं काही चुकलं का गं?” एवढंच तिने विचारलं. मी नळाचं सांगितलं. “मलाही ऐकू यायचा तो,” ती म्हणाली. “उठून यावंसं वाटायचं. पण त्यांना आणखी अवघड होईल म्हणून पडून राहायचे.”

दुपारी ती आली, डब्यात नाचणीची आंबील घेऊन. पाहुणी म्हणून आलेली वहिनी मी पहिल्यांदाच पाहत होते. आईशी माहेरच्या गप्पा झाल्या, आंबील झाली. मग तिने पलंगाच्या कडेला हात फिरवला आणि विचारलं, “मी इथे तासभर पडू का?”

आई भिंतीकडे सरकली. वहिनी तिच्याशेजारी आडवी झाली आणि पाच मिनिटांत गाढ झोपली. मी पडदा ओढला आणि दाराला आतून कडी लावली.