ढवळायचे कुणी?

श्रद्धा मोठी की विज्ञान, हा वाद आमच्या घरी गणेशोत्सवात आरतीइतक्याच नेमाने होतो. यंदा बाबांनी हौसेने प्लॅस्टरची मूर्ती आणली आणि वादाला भलताच रंग चढला. आजी म्हणे, गणपती नदीतच जायला हवा. दादा म्हणे, बादलीत!

दादाचे खोटे नव्हते. शाडू ही माती. पाण्यात काही तासांत तिची पुन्हा माती होते. प्लॅस्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. एकदा पाणी पिऊन घट्ट झाला, की लवकर विरघळायचे नाव घेत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर तोड काढली आहे. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचे. मूर्ती विरते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि पाण्यात उरते अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत!

पण आजीचे तरी खोटे कसे म्हणावे? ज्याला दहा दिवस नैवेद्य दाखवला, त्याला बादलीत ठेवताना तिचा हात थरथरला. ते थरथरणे कोणत्या सूत्रात बसवायचे?

मला मात्र निराळाच प्रश्न पडला. ते पाणी अधूनमधून ढवळावे लागते. श्रद्धा देवघरात जपाला बसली, विज्ञान कचेरीत गेले. मग ढवळायचे कुणी? वाद घालणारे घरोघर पुष्कळ. काठी हाती घेणारा एखादाच. मी ती घेतली. दोन दिवस ढवळताना वाटले, हीही उत्तरपूजाच की!

तिसऱ्या दिवशी आजीने ते पाणी पातळ करून स्वतः जास्वंदीला घातले. म्हणाली, "पुढल्या वर्षी शाडूचाच आण हो."