मैदान रिकामं करताना

सामना भरवणाऱ्यांचं लक्ष मैदान भरण्याकडे असतं. माझ्यासारख्या पोलीस आणि रेल्वे यांच्यात समन्वयाचं काम करणारीला घोर असतो तो मैदान रिकामं होण्याचा. प्रेक्षक येतात ते दोन-तीन तासांत, विखरून. शेवटचा चेंडू पडला की मात्र सगळे एकदम उठतात. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर 33 हजारांच्या आसपास माणसं बसतात. एका अंगाला पश्चिम रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला इमारती आणि त्यांच्यापलीकडे मरीन ड्राइव्ह. गाड्या लावायला जागाच नाही. मला हे वरदान वाटतं, कारण त्यामुळे लोक लोकलने येतात.

12 डब्यांची लोकल गच्च भरली तर चार-पाच हजार माणसं नेते. अर्धं मैदान जरी स्टेशनकडे वळलं, तरी चार गाड्या हव्यात, त्याही एकामागोमाग. म्हणून पहिल्याच बैठकीला रेल्वेचा वाहतूक अधिकारी हवा, असा माझा हट्ट असतो. अनेकदा त्याला शेवटच्या आठवड्यात नुसतं पत्र जातं. तोवर झडतीच्या रांगा, दारं, बॅरिकेड सगळं ठरलेलं असतं, आणि ते सगळं माणसं आत घेण्याच्या हिशेबाने.

पोलीस गर्दी थोपवायला शिकलेले असतात, रेल्वेवाले पुढे पाठवायला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच वाद मिटत नाही. फलाटावर गाडी नसताना पोलिसांनी रस्ता मोकळा केला तर स्टेशन तुंबतं. गाडी उभी असताना दोर धरून ठेवला तर ती अर्धी रिकामी सुटते. कधी धरायचं आणि कधी सोडायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी आमचा सगळा खटाटोप.

त्यात हद्दीचा प्रश्न. रस्त्यावर शहर पोलीस आणि वाहतूक पोलीस, स्टेशनात लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल (आरपीएफ). चर्चगेट स्टेशनच्या दारात पाऊल टाकलं की माणूस तोच राहतो, पण त्याची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. प्रत्येकाची वायरलेस वेगळी. निरोप एका कंट्रोल रूममधून दुसऱ्या कंट्रोल रूममध्ये जाऊन परत येईपर्यंत दारात शेकडो माणसं वाढतात. म्हणून त्या दारात दोन्हीकडचे दोन अधिकारी खांद्याला खांदा लावून उभे करावेत, तोंडी बोलणारे आणि जागच्या जागी निर्णय घेऊ शकणारे. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस तिथे उपयोगाचा नाही, मग तो कितीही कष्टाळू असो.

लोकांना मरीन लाइन्स स्टेशनकडे न पाठवता चर्चगेटकडे वळवावं, हेही मी आग्रहाने मांडते. चर्चगेटहून गाड्या सुटतात, त्या रिकाम्या मिळतात आणि फलाटावर जायला जिना चढावा लागत नाही. मरीन लाइन्सला पूल आहे, आणि गाडी आधीच भरून येते. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. तिथे कुठला सामना नव्हता. सकाळची वेळ, पाऊस आणि अरुंद जिना इतकंच होतं. तेव्हापासून नकाशावर जिना दिसला की माझं बोट तिथे थांबतं.

तिकिटाची गर्दी निदान मोजता येते. 4 जुलै 2024 ला विश्वविजेता भारतीय क्रिकेट संघ मरीन ड्राइव्हवरून निघाला, वानखेडेत प्रवेश विनामूल्य होता, आणि किती लोक येतील याचा आकडा आधी कोणाकडेच असणं शक्य नव्हतं. त्या गर्दीनेही रुग्णवाहिकेला वाट करून दिली, याचं मला आजही अपार कौतुक आहे. पण लोकांच्या चांगुलपणावर बंदोबस्त उभा करता येत नाही. 4 जून 2025 ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जण चेंगरून मेले, तेही संघाच्या विजयाचा आनंद साजरा करायलाच आले होते. विजयाचा कार्यक्रम एक-दोन दिवसांनी पुढे ढकलला तर कोणाचा आनंद कमी होत नाही. रेल्वेला जादा गाड्या आखता येतात, बेस्टला बसचे मार्ग वळवता येतात, रात्रभर उभ्या असलेल्या शिपायाला झोप मिळते. हे एक-दोन दिवस मागून घेण्याचा अधिकार पोलीस आणि रेल्वे या दोघांनाही हवा, आणि तो लेखी हवा.