उदाहरण आधी हवं

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दस्तऐवजातलं ‘क्रिएट टेबल’ या आज्ञेचं पान आज पुन्हा वाचलं. माहितीत खोट काढायला जागा नाही. पण सुरुवातीलाच आज्ञेच्या व्याकरणातल्या चौकोनी कंसांची गर्दी आणि साधी उदाहरणं पार तळाशी. नवख्याला तिथवर पोचता पोचता धाप लागते. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवाले असंच व्याकरण रुळांच्या नकाशासारखं काढतात; बोट ठेवायचं आणि बाणाबाणाने पुढे सरकायचं. मला ते फार आवडतं.

टेबलातली वाया गेलेली जागा मोकळी करणाऱ्या ‘व्हॅक्यूम फुल’ या आज्ञेबद्दल मात्र पोस्टग्रेसने स्वच्छ लिहिलंय: टेबल पूर्ण लॉक होतं, नवी प्रत लिहून होईपर्यंत जुनी पुसली जात नाही, म्हणून डिस्कवर जादा जागा लागते. मध्यरात्री डिस्क भरत आलेली असताना हे पान उघडणाऱ्याला नेमकी हीच ओळ हवी असते. ती सगळ्यांत वर, ठळक अक्षरात का नसावी?