वरून येणाऱ्याची जबाबदारी

हिवाळ्यात काश्मीरला जाऊन बर्फावर स्कीइंग करण्याची हौस आपल्या समाजातील तरुणांमध्ये अलीकडे वाढली आहे. "यंदा आम्हीही गुलमर्गला जाणार," असे लग्नकार्यात आणि पेढीवरही ऐकू येते. आम्ही जाऊन आलो असल्यामुळे काही परिचितांनी माझ्याकडे चौकशी केली. मी त्यांना हॉटेलचे भाडे, तिकिटे आणि कांदा-लसणाविना भोजनाची सोय एवढेच सांगितले. जे खरोखर सांगायला हवे होते ते टाळले, कारण ते सांगताना स्वतःची चूक कबूल करावी लागते. ती कबुली आज येथे देत आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही सहकुटुंब गुलमर्गला गेलो. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात जेथे गोल्फचे मैदान असते, तेथील सौम्य उतार हिवाळ्यात नवशिक्यांची शाळा होते. आम्ही पहिल्याच दिवशी साहित्य भाड्याने घेण्यासाठी दुकानात गेलो. दुकानदाराने वय, उंची, वजन आणि अनुभव विचारला. मी हसत हसत माझे वजन आठ किलोने कमी सांगितले. आयुष्यभर तराजूपुढे बसलेल्या माणसाने स्वतःचेच माप खोटे दिले!

हे प्रश्न कशासाठी असतात, हे नंतर समजले. बूट ज्या कुलपाने स्कीच्या पट्टीला जोडलेला असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिळवटला, तर ते ठरावीक जोराला उघडून पाय मोकळा करते. तो जोर या उत्तरांवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरवतात. वजन कमी सांगितले तर कुलूप सैल बसते आणि पट्टी ऐन वळणावर निसटू शकते. कसब वाढवून सांगितले तर ते घट्ट बसते आणि सुटायला हवे तेव्हा सुटत नाही. हीनाधिक मानोन्मान हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आपण पाठ केलेला असतो, परंतु येथे त्याचा दंड थेट हाडांना भरावा लागतो.

प्रशिक्षक स्थानिक, मितभाषी गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी पडणे, उठणे आणि थांबणे एवढेच शिकवले. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून, आतल्या कडा बर्फात रुतवून वेग मोडायचा. ते म्हणाले, "ज्याला थांबता येत नाही, त्याला चालता येते असे आम्ही म्हणत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने एकट्याने हाच सराव दोन तास करावा, असे त्यांनी बजावले. त्या दुपारी आम्ही शाली पाहायला गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारले, "सराव झाला ना?" मुलगा माझ्याकडे पाहू लागला. आमचा एकच दिवस उरला होता. गोंडोलाची तिकिटे काढून झाली होती. पैसे वाया जाऊ नयेत या हिशेबाने मीच उत्तर दिले, "हो, झाला."

गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने आपण कोंगडोरीला पोहोचतो. तेथील उतारावर मुलाने पहिली दोन वळणे नीट घेतली. तिसऱ्या वळणानंतर वेग वाढला, पट्ट्या समांतर झाल्या आणि त्याला त्या पुन्हा फाकवता येईनात. खाली सुमारे दहा वर्षांची एक मुलगी आपल्या वडिलांसोबत सावकाश उतरत होती. आमच्या मुलाने ओरडून सांगितले, पण पाठमोऱ्या मुलीला बाजूला होण्यास अवधीच मिळाला नाही. दोघेही कोसळले. तिचे डोके घट्ट बर्फावर आपटले, परंतु हेल्मेटमुळे बचावले. मनगट मात्र मोडले.

प्रशिक्षकांनी प्रथम दोन पट्ट्या काढून अपघाताच्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या उभ्या रोवल्या. मागून येणाऱ्यांना तो इशारा असतो. मग बचाव पथकाची घसरगाडी आली आणि मुलीला खाली नेण्यात आले. मुलगा थरथरत म्हणाला, "पप्पा, ती मध्ये आली." त्याची बाजू घेण्यासाठी मी तोंड उघडणार, इतक्यात प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "खालच्याला मागे डोळे नसतात. जबाबदारी वरून येणाऱ्याची असते."

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्की आणि स्नोबोर्ड करणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले आहेत. दुसऱ्याला इजा होईल असे वागू नये, आणि वेग आपले कसब, गर्दी व हवामान यांना साजेसा ठेवावा, हे त्यांतील पहिले दोन. मागून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडावा की पुढच्याला धोका होणार नाही, हा तिसरा. अरुंद किंवा वरून न दिसणाऱ्या जागी थांबू नये, निघण्यापूर्वी वर पाहावे, खुणा पाळाव्यात आणि अपघात झाल्यास मदत करावी, हेही त्यांत आहे. ते वाचताना मला ईर्यासमिती आठवली. आपले साधू-साध्वी चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, कारण पायाखाली येणाऱ्या जीवाने बाजूला व्हावे अशी अपेक्षा ते ठेवत नाहीत. ताशी तीस किलोमीटर वेगाने उतरणारा माणूस सेकंदाला आठ मीटरहून अधिक अंतर कापतो. त्याला चार हात कसे पुरतील? वेग वाढला की दृष्टीही तितकीच लांब जायला हवी. आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला अग्रस्थान दिले आहे. आमच्या मुलाच्या मनात द्वेष नव्हता, माझ्याही नव्हता. प्रमाद मात्र दोघांचाही होता, आणि त्यात माझा वाटा अधिक होता.

दुसरी गोष्ट मर्यादेची. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. तेथील आखलेल्या मार्गांबाहेरचा मऊ बर्फ तरुणांना खुणावतो. त्याच परिसरात २०२३ च्या फेब्रुवारीत पोलंडचे दोन आणि २०२४ च्या फेब्रुवारीत रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडला. अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश देणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे असावे लागते, कारण गाडलेल्या माणसाला सुमारे पंधरा मिनिटांत बाहेर काढले नाही, तर जगण्याची आशा झपाट्याने मावळते. मोटार-शर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर २०१३ च्या डिसेंबरात फ्रान्समधील मेरिबेल येथे आखलेल्या मार्गांच्या मधल्या भागात पडला. त्याने हेल्मेट घातले होते, तरी डोक्याला गंभीर दुखापत झाली. आपल्या दिग्व्रतात वर, खाली आणि तिरके असे तिन्ही दिशांचे उल्लंघन अतिचार मानले आहे. बर्फात बांधलेली दोरी हे तेथील दिग्व्रतच होय.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात आणि पडल्यावर सुटत नाहीत. शरीर आडवे राहत असल्याने पाठीकडचे फारसे दिसत नाही, आणि नवशिक्याचा हात आपसूक टेकला जाऊन मनगट दुखावते. म्हणून मनगटाचे कवच वापरावे. पक्ष्यांच्या पिसांचे जाकीट किंवा चामड्याचे मोजे नसले तर थंडीत कसे निभावेल, असे मला विचारले जाते. कृत्रिम तंतूंचे जाकीट ओले झाले तरी बरीच ऊब टिकवते. अहिंसा आणि सुरक्षितता येथे एकाच बाजूला आहेत.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवून आम्ही प्रतिक्रमणास बसलो, पण माझे मन लागेना. नंतर मुलाला घेऊन त्या कुटुंबाच्या हॉटेलात गेलो आणि सरावाबद्दल मीच खोटे बोललो, हे मुलीच्या वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "उद्या याला पुन्हा खालच्या उतारावर पाठवा." परतताना मी दुकानात जाऊन माझे खरे वजन सांगितले. दुकानदाराने काही न बोलता स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आकडा बदलला.

मुलीचे मनगट पुढे बरे झाले. संवत्सरीला आम्ही दरवर्षी त्यांना दूरध्वनी करतो. आपली मुले बर्फावर जाणार असतील तर जरूर पाठवा. मात्र पाठवण्यापूर्वी त्यांच्या कसबाचे माप खरे सांगा, आणि त्यांना थांबता येते की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मिच्छामि दुक्कडम्.