एसी २६ वर का ठेवावा

रिमोटवर १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, हे मी एसी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे, आणि दरवेळी त्यावरून वाद होतो. मे महिन्यात संभाजीनगरच्या उन्हातून घरी आलेल्या माणसाला दम धरवत नाही, हे मलाही कळतं. पण एसीचा आकडा म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर नव्हे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालतो तेव्हा पूर्ण ताकदीनेच चालतो. १८ लावा नाहीतर २६, सुरुवातीला गारवा तेवढाच मिळतो. इन्व्हर्टर एसी वेग कमीजास्त करतो हे खरं, पण खोली ३६ अंशांवर तापलेली असताना त्याला २६ सुद्धा पुरेसं लांब असतं, म्हणून आरंभी तोही जोरातच धावतो. फरक पडतो तो पुढे. २६ गाठल्यावर यंत्राला विसावा मिळतो. १८ गाठणं आमच्या उन्हाळ्यात बहुतेक वेळा होतच नाही, आणि रात्रभर कॉम्प्रेसर घरघरत राहतो. पहाटे कुणीतरी गारठून उठतं, एसी बंद करतं, आणि तासाभरात घामाने सगळ्यांना जाग येते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने आकडा एका अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू करताच २४ वर येतात, ते याच विचाराने.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की २६ वर गार वाटतच नाही. आक्षेप खोटा नाही, पण दोष आकड्याचा नसून डोक्यावरच्या स्लॅबचा आहे. आमच्या शहरातल्या सिडको भागात वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही घरात रात्री अकराला स्टुलावर चढून छताला तळवा लावून पाहा, दिवसभराची धग तिथे अजून शिल्लक असते. शरीराला नुसती हवा जाणवत नाही, भिंती आणि छत यांची उष्णताही थेट अंगावर येते. हवा २६ अंशांवर आली तरी वरून शेक बसतच राहतो. त्यात एसीचा सेन्सर असतो भिंतीच्या वरच्या भागात बसवलेल्या यंत्रातच, म्हणजे तो माप घेतो तिथल्या हवेचं, पलंगावरच्या माणसाचं नव्हे. म्हणून आकडा खाली नेण्याआधी गच्चीवर पांढरा चुना मारावा, निदान हिरवी जाळी तरी बांधावी, आणि पश्चिमेच्या खिडकीला दुपारपासून पडदा लावावा. संभाजीनगरच्याच जुन्या पाणचक्कीत हौदाखालचं दालन गार राहतं ते जाड दगड आणि डोक्यावरचं पाणी यांच्यामुळे.

दुसरा उपाय पंख्याचा, आणि तो लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. एसी लावला की पंखा बंद, अशी आपली रीत आहे. छताचा साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, दीड टनाचा एसी दीड हजारांच्या घरात. मराठवाड्याची एप्रिल-मेची हवा कोरडी. पंख्याच्या वाऱ्याने घाम लगेच उडतो आणि २७ सुद्धा सुखाचं वाटतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये भारतीय कार्यालयांचा अभ्यास मांडला. नैसर्गिक वायुविजनाच्या इमारतींत बाहेर जसं तापतं तसं माणसाला सोसवणारं तापमानही वर सरकतं, पार २८.५ अंशांपर्यंत, असं त्यात दिसलं. म्हणजे २६ ही काटकसरीची शिक्षा नव्हे, आपल्या अंगाला मानवणारीच गोष्ट आहे. अर्थात घरात आजारी, फार वयस्कर माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर आकड्याचा हट्ट धरू नये. त्यांना काय सोसतं ते पाहून ठरवावं.

‘मग कूलर काय वाईट?’ असं विचारणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कोरड्या हवेत वाळ्याच्या ताटीचा कूलर एसीइतकाच आल्हाद देतो, तोही किती कमी विजेत. अडचण पाण्याची आहे. जायकवाडी धरण उशाशी असूनही या शहरात नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येत आलं आहे, आणि मोठा कूलर दिवसभरात कित्येक बादल्या रिचवतो. टाकीच्या तळाशी पाणी गेलेलं असताना कूलर भरायचा की भांडी घासायची, हा प्रश्न ज्या घरात पडतो तिथे विजेच्या बिलाची तुलना पुरेशी होत नाही. जुलैत तर कूलर निरुपयोगीच. हवा आधीच ओली, अंथरूण दमट होतं. त्या दिवसांत ढगांमुळे स्लॅब फारसा तापलेला नसतो, त्यामुळे एसीचा ‘ड्राय’ मोड आणि मध्यम वेगातला पंखा एवढ्यावर रात्र निभते.